आधी फोन लाव

मन्मथ, शेवटी तुला बसायला मिळालं.

आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. तू स्वतः कितीजणांना असं बसवलंस, तुला काय सांगायचं. पाठीला फळी, कपाळभर भस्म, गळ्यात रुद्राक्ष, डाव्या तळहातावर तुझं इष्टलिंग, बसवून न्यायच्या विमानाला झेंडूच्या माळा. चौकातून नेताना तू सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच होतास आणि लोक खालून हात जोडत होते. बायका रडत होत्या, "आप्पा गेले, आता आमच्या कामाचं कसं?" नुसतं "आप्पा गेले" म्हणून कोणी थांबत नव्हतं. रडू यायचं ते पुढच्या वाक्याला.

मी रडले नाही. मला आमदारसाहेबांचा बंगला आठवत होता.

माझ्या डोळ्याच्या तपासणीला आपण लातूरला गेलो होतो. "आलोच आहोत तर साहेबांना भेटून जाऊ," असं म्हणून तू मला बंगल्यावर नेलंस. इथं आपल्या गल्लीत तू शिरलास की ओट्यावरची म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची. तिथं साहेबांच्या पीएनं, तुझ्या लेकीच्या, गौरीच्या वयाच्या पोरानं, मोबाईलमधून डोकं वर न काढता तुला हाक मारली, "ए मन्मथ, त्या खुर्च्या आत घे." तू घेतल्यास. एकात एक घालून, इस्त्रीचे पांढरे कपडे सांभाळत. मी बाईमाणूस म्हणून मला एक मिळाली. तू भिंतीला टेकून उभा. साहेब बाहेर आले, गाडीत बसले आणि गेले. परत येताना बसमध्ये तू म्हणालास, "साहेब आज लई बिझी होते, अक्का." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्या दिवशी मला तुझी कीव आली होती, आणि कीव आल्याचा रागही आला होता.

तुझा बॅनर बघायला हवा होतास. चौकात लावलाय, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. साहेबांचा फोटो मोठा, हात जोडलेला. तुझा खाली, कोपऱ्यात. तुझा एकट्याचा फोटोच सापडला नाही म्हणे कोणाला. सगळ्या फोटोंत तू साहेबांच्या मागं. त्यातलाच एक कापून लावलाय आणि कापताना साहेबांच्या पांढऱ्या शर्टाचा खांदा तुझ्याजवळ राहून गेलाय. मेल्यावरही तो खांदा काही सुटला नाही तुझा.

आता त्या सकाळचं बोलू. तुझ्या मागं सगळे गोड बोलतायत, म्हणून कोणी तरी हे बोलायला हवं.

मी पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान उघडत होते. तुझ्या बायकोनं, कमलनं, आतून हाक मारली. व्हरांड्यात तू खुर्चीवर बसलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हात छातीवर. शेजारच्या रज्जाकची रिक्षा दारात होती, त्यानं ती चालूही केली. सरकारी दवाखाना आपल्यापासून किती लांब? तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत माणूस पोचतो. पण तू उठला नाहीस. गौरीला म्हणालास, "आधी फोन लाव."

पोरीनं फोन लावला. पीए म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, पाच मिनिटांनी लावा. तिनं परत लावला. लागेना. परत लावला. रज्जाकनं रिक्षा बंद केली, परत चालू केली. कमल पदरानं तुझं तोंड पुसत होती. मी ओरडले, "अरे, पाय मोडलेत का तुझे? ऊठ, चल!" तेव्हा तू माझ्याकडं बघून, समजूत घातल्यासारखा म्हणालास, "अक्का, नवीन डॉक्टर आलीय. मला वळखत न्हाई. असंच कसं जायचं? कुणी तरी सांगाय पायजे ना."

हे तुझं मला शेवटचं बोलणं. माझं तुला शेवटचं बोलणं, "बस मग तसाच, साहेबाच्या फोनची वाट बघत मर." बोलायचं ते मी तुझ्या तोंडावर बोलले. लोक मला म्हणतात, अक्का, तसं म्हणायला नको होतं. नको होतं तर नको होतं. तू उठायला हवा होतास.

तुझी मान खाली आली तेव्हा फोन वाजला. पीएचाच. गौरीनं स्पीकरवर घेतला. तो म्हणाला, "हां बोला, कोणत्या पेशंटचं होतं?" गौरी म्हणाली, "माझ्या पप्पांचं." तो म्हणाला, "पूर्ण नाव सांगा, साहेबांना देतो." पोरीनं तुझं पूर्ण नाव सांगितलं रे. बापाचं, आडनावासकट. मी आणि रज्जाक तुला उचलत होतो.

दवाखान्यात ती नवीन डॉक्टरीण धावत आली. तिनं जे करायचं ते सगळं केलं, मग हातमोजे काढले. विचारलं, "इतक्या जवळ राहता, मग लगेच का नाही आणलं?" गौरी म्हणाली, "फोन लागत नव्हता." डॉक्टरीण म्हणाली, "कोणाला?" ती बाई बाहेरगावची, तिला काय कळणार. इथं जन्म घ्यावा लागतो त्याला.

आणि मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तुला माहीत होतं.

तुला चांगलं माहीत होतं की दवाखाना सगळ्यांनाच आत घेतो. तू पेशंट घेऊन जायचास, स्वतः उचलायचास, रक्त लागलं तर बाही वर करायचास, यात मी खोट काढणार नाही. पेशंट आत गेला, सलाईन लागलं, की तू बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन फोन कानाला लावायचास. मोठ्यानं बोलायचास. "हां साहेब. आपलाच माणूस हाय साहेब. सांगा डॉक्टरला." आजूबाजूला पेशंटची माणसं, बायका, सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. एकदा मी तुझ्या अगदी शेजारी उभी होते. तुझा फोन बंद होता, मन्मथ. पडदा काळा. आणि तू बोलत होतास.

घरी आल्यावर मी विचारलं, "त्यांनी आधीच आत घेतलं होतं ना?" तू हसलास. "घेतलं होतं की. पण कुणामुळं घेतलं ते लोकांना कळाय नको?" मी म्हणाले, "दिवस उगवायचाच असतो. कोंबड्यानं समजू नये आपण आरवलो म्हणून उगवला." तर तू म्हणालास, "कोंबडं समजत न्हाई अक्का. पण गावाला तसं वाटलं तर कोंबड्याचं काय बिघडलं?"

या भांडणाचा निकाल लागायचा राहिला. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या मनात तरी खरं धरून असतो, असं मी समजत होते. मग त्या सकाळी तू कशाला थांबलास? तुझंच खोटं तुला खरं वाटायला लागलं होतं? का रांगेत केसपेपर काढताना लोक बघतील, म्हणतील आप्पाच बिनफोनचे आले, याची लाज वाटली? रोज ब्लाउज कापताना मी हे एकदा या बाजूनं बघते, एकदा त्या बाजूनं. कोणत्याही बाजूनं तू मूर्खच दिसतोस. आपलेच दात, आपलेच ओठ. माझा भाऊ मूर्खपणानं मेला, हे मी बाहेर कोणाला सांगू?

तुझ्या फोननं दारं उघडायची म्हणतात. मला विचार. निराधार योजनेसाठी मी तहसीलला गेले होते, तुला न सांगता. सगळे कागद घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली, क्लार्कनं कागद बघितले आणि मला बघितलं. "अक्का, तुम्ही? आप्पांचा फोन येऊ द्या की." मी म्हणाले, "फोन कशाला? कागद बरोबर नाहीत का?" तो म्हणाला, "बरोबर हायत हो. बिलकुल बरोबर हायत. पण उद्या आप्पा म्हणतील, मला सोडून परस्पर कसं केलं. मला कशाला परेशानी." माझ्या मागं उभ्या असलेल्या बाईचं काम झालं. माझं अडलं, कारण मी तुझी बहीण.

आणि घरी तूच माझ्यावर चिडलास! "माझी बहीण रांगेत उभी ऱ्हाती? माझी काय इज्जत ऱ्हायली?" मग तू फोन केलास, मग कागद चालत घरी आला. तुझा बालाजी घेऊन आला, तुझ्या मागं तुझी पिशवी आणि चार्जर घेऊन फिरणारा. माझ्या हातात कागद देताना त्यानं फोटो काढला. "अक्का, जरा हसा." मी हसले नाही. तसाच टाकला त्यानं ग्रुपवर. साहेबांच्या प्रयत्नातून विधवा भगिनीला न्याय. खाली सगळ्यांनी हात जोडलेले.

माहूरची सहल आठवते? निवडणुकीच्या आधीची, बायकांची. बसगाड्या नांदेडवरून गेल्या, पुढच्या काचेवर साहेबांचा फोटो, आत प्रत्येकीला डबा आणि साडी. मागच्या गल्लीतली गंगाबाई लातूरच्या पुढं कधी गेली नव्हती. खिडकीतून गोदावरी बघून ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. तिला एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते तुझ्यामुळं होतं, हे मी कबूल करते. तिच्या लेकानं, व्यंकटनं, तिला शेजारच्या जत्रेला नेलं नसेल कधी.

मग गडाच्या पायऱ्यांवर तू भंडाऱ्याचं ताट घेऊन उभा राहिलास. एकेक बाई चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि म्हणायची, मत साहेबांनाच. देवीच्या दारात. मी तुला बाजूला ओढलं. "अरे, मत गुप्त असतं." तू ताट खालीही ठेवलं नाहीस. "माणसापासून गुप्त असतंय, अक्का. देवीपासून काय गुप्त ऱ्हातंय?" मी चिमूट उचलली नाही. देवीच्या प्रसादाचा विडा खाल्ला आणि बसमध्ये जाऊन बसले. मतदानाच्या दिवशी गंगाबाई माझ्या पुढंच होती. बाहेर आली ती शाईचं बोट मुठीत धरून. मला म्हणाली, "दुसऱ्या बटनाकडं नुसतं बघितलं गं बाई. बोट झडंल का माझं?" साहेबांना मत देऊनही ती दिवसभर घाबरलेली होती. एवढं भ्यायला लावलंस तू तिला, डबा आणि साडी देऊन.

नळाचंही राहिलंच की. आपल्या गल्लीत पाइप येऊन पडले होते. गवत उगवलं त्यांच्यावर. बायका रोज टँकरसाठी तुझ्या दारात. मी विचारलं, पाइप कधी पुरायचे? तू भाकरी खात होतास, सहज बोललास, "नळ आला तर सकाळी सकाळी माझ्या दारात कोण येईल? काम होऊ द्यायचं नसतंय, अक्का. करून द्यायचं असतंय." आणि वर मिरचीचा ठेचा मागितलास. मी दिला नाही. त्या दिवशी तू कोरडी भाकरी खाल्लीस, एवढंच मला करता आलं.

आता म्हणशील, अक्का, तुझ्यासाठी मी काहीच केलं नाही का?

केलंस ना. तिथंच तर सगळं अडतंय.

माझे यजमान गेले तेव्हा उदगीरला सासरच्यांनी माझं सामान अंगणात काढून ठेवलं होतं. शिलाई मशीन, गादी, दोन पेट्या. दीर दाराला कडी लावून आत बसलेला. मी मशीनवर बसून होते, ऊन डोक्यावर. कोणी तरी तुला कळवलं. तू तेव्हा कोणाचा आप्पा नव्हतास, नुसता मन्मथ होतास. तू कोणालाही फोन केला नाहीस. पोलिसात कोणी ओळखीचं आहे का, तिथला पुढारी कोण, काही विचारलं नाहीस. एक टेम्पो घेऊन सरळ आलास. आलास आणि पहिलं काय केलंस, तर मशीनची धूळ शर्टानं पुसलीस. दिराचं दार वाजवलं नाहीस, भांडला नाहीस. "चल अक्का, घरी," एवढंच. मागं सामानात बसून आपण आलो. वाटेत तू शेंगा घेतल्यास, सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत होतास. त्या दिवसाचा उपकार तू कधी बोलून दाखवला नाहीस, कोणाला सांगितलासुद्धा नाहीस. त्याचा फोटो नाही.

असा सरळ येणारा भाऊ होता मला. तो गेला. तो तू मेलास त्याच्या कितीतरी आधी गेला, आणि मला त्याची इतकी आठवण येते की मशीन चालवता चालवता सुई थांबते. स्वतःसाठी एकदा तरी तसा निघाला असतास रे. टेम्पोही लागला नसता. रज्जाकची रिक्षा दारात होती.

साहेब तुझ्या मातीला आले नाहीत. पुष्पचक्र आलं. स्वतः आले ते आठवड्यानं. मांडव होताच. शेजारून सोफा आणला, वर पांढरी चादर घातली. सगळी गल्ली गोळा झाली. ती तुझ्यासाठी आली होती असं समजू नकोस, ज्याच्या त्याच्या खिशात अर्ज होता. साहेब कमलसमोर बसले. "वहिनी, मन्मथ माझा उजवा हात होता." फोटो निघाले. मग गौरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आजपासून माझी लेक. फार्मसी झालीय ना? मेडिकलच्या दुकानात कशाला राबते? आमच्या संस्थेत घेऊ. आणि बाळा, वडिलांचं काम आता तू बघायचं. लोक तुझ्याकडं आशेनं बघतायत."

कमलनं हात जोडले. तिला मी दोष देत नाही, तिला घर चालवायचंय. नोकरी चांगली आहे. पण दारात उभं राहून तीही एक दिवस बंद फोन कानाला लावेल, आणि मग कधी तरी तिच्या छातीत दुखेल. मला बाकी कशाची भीती नाही, मन्मथ. पोरगी तुझ्या खुर्चीत बसू नये.

गौरीनं डोक्यावरचा हात हळूच बाजूला केला. म्हणाली, "साहेब, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही फोन घेतला असता तर डॉक्टरांना काय सांगितलं असतं?"

साहेब हळहळले. "सांगितलं असतं की बाळा, आपला माणूस आहे, ताबडतोब घ्या."

"आणि आम्ही फोन न करताच गेलो असतो तर घेतलं नसतं?"

"घेतलं असतं की! सरकारी दवाखाना आहे. तिथं कुणालाही घेतात."

सहज बोलून गेले ते, बिस्कीट उचलत. जन्मभर तू जे झाकलंस ते साहेबांनी चहाबरोबर उघडं केलं. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. ज्यांनी तुझे पाय धरले होते, ज्यांनी भंडारा उचलला होता, ते सगळे तिथं होते, सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता कोणी तरी उठेल, काही तरी म्हणेल. एकजण उठला खरा. म्हणाला, "साहेब, आमच्या लाइटच्या डीपीचं तेवढं बघा की."

तेवढ्यात तुझा फोन वाजला. गौरी तो अजून चार्ज करून ठेवते. व्यंकट होता. "गौरी, आईच्या छातीत दुखायलंय. लई घाम सुटलाय. साहेब आलेत म्हणं तुमच्याकडं. तेवढं दवाखान्यात फोन कराय सांग की."

गौरी म्हणाली, "व्यंकटकाका, फोन ठेवा. आजीला उचला आणि सरळ दवाखान्यात न्या. कुणाला विचारू नका."

"पण आधी फोन झाला असता तर..."

"नको म्हणते ना मी! निघा!"

त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, निघाला. आणि मांडवाच्या कोपऱ्यात बालाजीचा फोन वाजला. तुझ्यासारखाच एक हात कमरेवर ठेवून तो बोलला, आवाजही तुझाच. "हां व्यंकट. काय सांगतो? थांब, थांब. निघू नको. साहेब हितंच हायत. फोन झाला की सांगतो, मग निघ." आणि तो साहेबांच्या सोफ्यामागं जाऊन उभा राहिला, हात बांधून, त्यांचा चहा संपायची वाट बघत.

गौरीनं चपला घातल्या. साहेबांच्या समोरून गेली, नमस्कारसुद्धा केला नाही. कमल मागून हाका मारत राहिली. रज्जाक रिक्षा काढेपर्यंत ती पळतच मागच्या गल्लीत शिरली होती. साहेबांनी विचारलं, "कुठं निघाली?" मी म्हणाले, "दवाखान्यात. कुणालाही घेतात म्हणालात ना."

व्यंकट दारात उभा होता म्हणे, फोन हातात धरून, आई आत जमिनीवर. गौरीनं त्याला काही विचारलं नाही. तिनं आणि रज्जाकनं म्हातारीला उचललं. दवाखान्यात तीच डॉक्टरीण. तिनं गौरीला ओळखलं आणि म्हातारीला सरळ आत घेतलं. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं, म्हातारीची धाप बसली, त्यानंतर डॉक्टरणीचा फोन वाजला. साहेबांचा. ती म्हणाली, "पेशंट ॲडमिट आहे," आणि ठेवून दिला.

तुला बरं वाटावं म्हणून सांगते, गंगाबाई वाचली. तुझी गौरी सरळ गेली म्हणून वाचली. आणि संध्याकाळी बालाजीनं ग्रुपवर टाकलं, साहेबांच्या एका फोनमुळे वाचले मातेचे प्राण. ज्याच्या हाती ससा तो पारधी. व्यंकट पेढे घेऊन गेला, तेही बालाजीच्या घरी. गौरीनं ते वाचलं आणि फोन उलटा ठेवून भात वाढून घेतला. जेवली पोटभर. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले. म्हातारी उशीला टेकून बसली होती, कपाळावर कुंकू. मी तिचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. "गंगाबाई, साहेबाच्या फोननं काही झालं नाही. फोन नंतर आला. गौरीनं तुला उचलून आणलं, कोणाला न विचारता. हा दवाखाना तुझाच आहे. फोन लागत नाही इथं यायला." एकेक शब्द सावकाश सांगितला.

तिनं सगळं ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं. माझा हात घट्ट धरला, नाकाशी नेला, मुका घेतला. म्हणाली, "गौरीनं? आप्पाच्या गौरीनं? माय माय माय. बापावरच गेलंय लेकरू." मग मान खाली करून, आवाज बारीक करून म्हणाली, "मग अक्का, तिलाच सांगा की. आमच्या नातवाचं एक काम हाय."

मी गौरीला अजून सांगितलेलं नाही.